मंद्र तंतूंची लयसाधना

बेस गिटार शिकवणारे जाणते शिक्षक विद्यार्थ्याची लय पक्की व्हावी म्हणून जो अभ्यास आज घालून देतात, त्याचे स्वरूप वरवर पाहता अगदी साधे दिसते. मेट्रोनोम मिनिटाला 50 ठोक्यांवर लावावा. परंतु तो ठोका म्हणजे गाण्याची प्रत्येक मात्रा असे न धरता, चार मात्रांच्या आवर्तनातील केवळ दुसरी आणि चौथी मात्रा यंत्र दाखवीत आहे असे समजावे, आणि पहिली व तिसरी मात्रा मनात मोजून मिनिटाला 100 मात्रांच्या गतीने वाजवावे. हे साधले की यंत्र आणखी मंद करावयाचे, म्हणजे चारांपैकी एकाच मात्रेवर ठोका पडेल. पुढे दोन आवर्तनांतून एकदा. त्याहून पुढे तो ठोका मात्रेवर न धरता दोन मात्रांच्या बरोबर मध्ये धरावयाचा. यंत्राने उत्तरोत्तर कमी बोलावे आणि त्याने सोडलेल्या जागेचा जिम्मा वादकाने घ्यावा, अशी ही पद्धती आहे. ज्या यंत्राच्या साहाय्याने ही साधना चालते ते मात्र नेमक्या उलट हेतूने, म्हणजे वादकाला स्वतःच्या मर्जीने काळ मोजण्याची मुभा राहू नये म्हणून, निर्माण झाले होते. सुमारे दीडशे वर्षांत त्याचा उपयोग असा फिरला कसा, हा संगीताच्या इतिहासातील मला फार मोलाचा वाटणारा भाग आहे. कारण तो घडवून आणण्यात ग्रंथकर्त्या पंडितांपेक्षा नृत्यगृहांत आणि ध्वनिमुद्रणाच्या तळघरांत पोटासाठी वाजवणाऱ्या माणसांचा वाटा अधिक आहे.

काळाचे माप शरीरातून घेण्याची वहिवाट फार जुनी. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, सिंघणराजाच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने मात्रेचे प्रमाण सांगताना पाच लघु अक्षरांच्या उच्चाराला लागणारा काळ घेतला. म्हणजे माप जिभेवर ठेवले. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या दरबारातील बासरीवादक योहान योआखिम क्वांत्स याने 1752 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ते मनगटावर ठेवले, आणि निरोगी माणसाची नाडी मिनिटाला सुमारे 80 ठोके देते असे मानून त्या नाडीच्या पटीने किंवा अंशाने निरनिराळ्या रचनांची गती मुकर्रर करण्याची रीत सांगितली. शरीराबाहेरचे माप शोधणारेही त्यापूर्वी झाले होते. पॅरिस येथे 1696 साली एत्येन लूलिए याने दोरीला शिसे बांधून आणि उभ्या पट्टीवर छिद्रांची ओळ पाडून लंबकाची लांबी कमीजास्त करण्याची योजना छापली. परंतु ते साधन पुरुषभर उंच होते आणि मूक होते, त्यामुळे वाजवणाऱ्याला डोळे लंबकाकडे लावून बसावे लागे. साध्या लंबकाची मूळ अडचण त्याच्या गणितातच आहे. ज्याचा एक झोका एका सेकंदाचा असेल तो लंबक सुमारे एक मीटर लांब असावा लागतो, आणि झोका दीड सेकंदाचा करावयाचा तर लांबी सव्वादोन मीटरांच्या आसपास जाते. मंद लयीची रचना मोजण्यासाठी कोणी घरात एवढे काष्ठ टांगून ठेवील हे संभवनीय नव्हते.

ही अडचण 1814 साली ॲम्स्टरडॅम येथे स्थायिक झालेल्या डीट्रिख निकोलाउस विंकेल या जर्मन कारागिराने दूर केली. त्याच्या ध्यानात असे आले की दांडीच्या टेकूच्या खाली आणि वर, दोन्ही बाजूंस वजने लावली, तर हातभर दांडीसुद्धा अतिशय मंद गतीने हेलकावे घेऊ शकते, आणि वरचे वजन सरकवले की गती बदलते. पुढच्याच वर्षी योहान नेपोमुक मेल्त्सेल हा गृहस्थ ॲम्स्टरडॅमला आला. स्वयंचलित वाद्ययंत्रे बांधण्यात निष्णात असलेला आणि बेथोव्हनसाठी कर्णनलिका तयार करून देणारा हा पुरुष युक्तीचे मोल ओळखणारा होता. त्याने विंकेलचे साधन पाहिले, ते विकत मागितले, नकार मिळाला. मग त्याने दांडीमागे अंकांची पट्टी जोडून 1815 साली त्याची सनद स्वतःच्या नावे काढली आणि पॅरिसला कारखाना घातला. विंकेलने तक्रार केली, नेदरलँड्समधील विद्वानांच्या समितीपुढे प्रकरण गेले, आणि 1820 साली निवाडा झाला तो असा की पट्टीखेरीज बाकी सर्व शोध विंकेलचा आहे. पण तोपर्यंत यंत्र दुसऱ्याच्या नावाने युरोपभर पसरले होते. आजही छापील स्वरलेखनात गतीच्या अंकापूर्वी मेल्त्सेलच्या नावाचे आद्याक्षर आढळते. विंकेलचे नाव इतिहासाच्या दप्तरातच राहिले. न्याय मिळाला आणि फळ मिळाले नाही, अशा कारागिरांची यादी मोठी आहे, आणि त्यात विंकेलचे स्थान फार वरचे आहे असे मला वाटते.

हे यंत्र कोणाच्या हातात असावे अशी कल्पना होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. डिसेंबर 1817 मध्ये लाइप्त्सिगच्या संगीतविषयक पत्रात बेथोव्हनच्या तोवरच्या आठही सिंफनींच्या गतींचे अंक प्रसिद्ध झाले. रचनाकार दूर असला किंवा मृत्यू पावला तरी त्याची इच्छा अंकाच्या रूपाने वाद्यवृंदापर्यंत पोहोचावी, हा त्यामागचा उद्देश. म्हणजे मेट्रोनोम प्रथम लेखनाचे साधन होते. गती एकदा ऐकावी, मनात धरावी, आणि यंत्र बंद करून वाजवावे, एवढेच त्याचे काम. संपूर्ण रचनाभर तो चालू ठेवून त्याच्याबरोबर वाजवण्याची सवय पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या ओघात, पियानोच्या शिकवण्या घरोघर सुरू झाल्या आणि शिक्षक समोर नसताना विद्यार्थ्यावर नजर कोण ठेवणार हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा रूढ झाली. लाकडी मनोऱ्याच्या आकाराची ती पेटी, मिनिटाला 40 पासून 208 पर्यंत ठोके देणारी, पियानोच्या माथ्यावर जाऊन बसली आणि शिक्षकाची मुनीम झाली. तिचा उपयोग झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बोटांची गती टप्प्याटप्प्याने वाढवण्यास तिच्याइतके सोयीचे साधन नाही. पण प्रत्येक मात्रेवर ठोका देणाऱ्या यंत्राबरोबर रोज वाजवणारा विद्यार्थी लय निर्माण करीत नाही, तो तिच्या मागे जातो, हे त्या काळच्या थोड्याच शिक्षकांच्या ध्यानात आले असावे.

ते ध्यानात आणून देणारा दाखला संगीतशाळेबाहेरून आला. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळा नुकत्याच स्थापन होत असताना, 1886 साली, ‘माइंड’ या नियतकालिकात एल. टी. स्टीव्हन्स या अमेरिकन अभ्यासकाने कालज्ञानावरचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील प्रयोगाची रीत अशी: माणसाने मेट्रोनोमच्या ठोक्याबरोबर बोटाने ताल धरावा; काही वेळाने यंत्र थांबवावे; आणि त्याच अंतराने ठोके देत राहण्यास त्याला सांगावे. यंत्र थांबल्यावर हात किती सरकतो, पुढे पळतो की मागे रेंगाळतो, हे त्याने नोंदवून ठेवले. आज बेस गिटारच्या विद्यार्थ्याला सांगितला जाणारा ‘चार आवर्तने ठोका, चार आवर्तने शांतता’ हा अभ्यास आणि हा प्रयोग यांत तत्त्वतः काहीच भेद नाही. फरक एवढाच की शास्त्रज्ञाला चूक मोजावयाची होती आणि वादकाला ती सुधारावयाची असते. त्यानंतरच्या अभ्यासकांना आणखी एक गोष्ट आढळली: नियमित ठोक्याबरोबर हात मारणारी माणसे बहुधा ठोक्याच्या किंचित आधीच हात मारतात, आणि आपण बरोबर ठोक्यावरच आहोत अशी त्यांची खात्री असते. याचा अर्थ लय ही ऐकून पाळण्याची वस्तूच नाही. जो येणाऱ्या क्षणाचा अंदाज घेऊ शकतो तोच लयीत असू शकतो.

आता मंद्र तंतूंकडे वळतो. युरोपीय वाद्यवृंदातील डबल बेस या महाकाय वाद्याच्या शिक्षणाला निश्चित शिरस्ता लावून देण्याचे श्रेय बोहेमियात जन्मलेल्या आणि व्हिएन्नाच्या दरबारी वाद्यवृंदात काम केलेल्या फ्रान्त्स झिमांडल याच्याकडे जाते. त्याची पाठ्यपुस्तके शंभरांहून अधिक वर्षे विद्यार्थ्यांच्या हातात आहेत, आणि अमेरिकेतील जाझचे कितीतरी बेसवादक ती गिरवूनच पुढे आले. पण त्यांतील बहुतेक कष्ट डाव्या हाताचे आहेत, म्हणजे तंतूवर बोटे कोठे ठेवावीत याचे. लयीचा भार बेसवादकाच्या खांद्यावर खऱ्या अर्थाने आला तो विसाव्या शतकात, नाचणाऱ्या समुदायापुढे वाजवताना. कॅन्सस सिटीच्या लिंकन हायस्कुलात शिकलेला वॉल्टर पेज हा काउंट बेसीच्या वृंदात दर मात्रेला एक असे चार सारख्या वजनाचे स्वर देत चालू लागला, आणि त्याच्या त्या अखंड चालीमुळे ड्रमवादक जो जोन्स याला मोठ्या ढोलावरचा भार उतरवून झांजांवर हात मोकळा सोडता आला. 1937 साली गिटारवादक फ्रेडी ग्रीन त्यांना येऊन मिळाल्यावर बेसीसह या चौघांनी मिळून जो लयबंध उभा केला तो पुढच्या सर्व बेसवादकांचा आदर्श ठरला. रात्रीमागून रात्र, तासन्‌तास, पुढ्यात पावले टाकणारी शेकडो माणसे आणि गती एक केसही न हलू देण्याचे बंधन, याच्याइतकी कठोर शाळा कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

खालच्या स्वरांकडेच हे काम का आले, याचे एक कारण अलीकडे पुढे आले आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक उंच आणि एक खालचा असे दोन स्वर एकत्र, नियमित अंतराने ऐकवले, आणि मधूनच त्यांपैकी एक स्वर 50 सहस्रांश सेकंद लवकर वाजवला. खालचा स्वर लवकर आला तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मेंदूची प्रतिक्रिया अधिक तीव्र होती, आणि बोटाने ताल धरणाऱ्यांचा हातही त्याच्याच बरोबर अधिक ओढला गेला. म्हणजे वरच्या स्वराची लयीतील हयगय कानाआड होईल, खालच्याची होणार नाही. बेसवादक चुकला तर त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, पण नाचणाऱ्याचे पाऊल मात्र अडखळते. हे वादकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

1951 साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर याने जी विद्युत् बेस गिटार बाजारात आणली, तिने या शिक्षणाचे स्वरूप पालटले. त्यापूर्वी सिएटलमध्ये पॉल टटमार्क याने तसा प्रयत्न केला होता, पण तो फारसा रुजला नाही. फेंडरच्या वाद्याची तार 34 इंची, गळ्यावर धातूचे पडदे, आणि वजन खांद्याला पट्ट्याने पेलता येण्याजोगे. डबल बेसच्या विद्यार्थ्याची वर्षे ज्या श्रमात जात, ते अचूक स्वरस्थान शोधण्याचे श्रम पडद्यांनी एका दिवसात संपवले. स्वराची अचूकता वाद्याने पत्करली. काळाची अचूकता तेवढी माणसाकडे उरली. दुसऱ्याही एका कारणाने हा भाग कठीण झाला. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 कंपने करते, म्हणजे तिच्या एकाच कंपनाला जवळजवळ 24 सहस्रांश सेकंद लागतात, आणि दोनचार कंपने झाल्याखेरीज कानाला स्वराची ओळख पटत नाही. अशा मंद बोलणाऱ्या तारेवर ढोलाच्या आघाताशी एकजीव होऊन पडणे ही केवळ बोटांची कसरत नव्हे.

या वाद्याचे पहिले थोर वादक ही विद्या यंत्राविना शिकले. जेम्स जेमर्सन याचा जन्म 1936 साली दक्षिण कॅरोलायनातील एडिस्टो बेटावर झाला. पुढे तो डेट्रॉइटला आला, तेथील नॉर्थवेस्टर्न हायस्कुलात डबल बेस शिकला, आणि वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका घराच्या तळघरात थाटलेल्या मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात त्याचे आयुष्य गेले. फंक ब्रदर्स या नावाने ओळखली जाणारी ती वादकमंडळी एकाच खोलीत दाटीने बसत. बेनी बेंजामिनचे ड्रम हातभर अंतरावर वाजत. कानात कसलाही यांत्रिक ठोका नसे. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने तार छेडीत जेमर्सन मात्रेच्या चौगुणीतील अशा जागा उचले की ऐकणाऱ्याला सम हरवल्याचा भास व्हावा आणि दुसऱ्या क्षणी तो तिच्यावर नेमका उतरलेला असावा. त्याच्या हयातीत कित्येक ध्वनिमुद्रिकांवर त्याचे नावही छापले गेले नाही. 1983 साली तो वारला. 1989 साली ॲलन स्लट्स्की याने त्याच्या वादनाचे स्वरलेखन ध्वनिफितींसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी त्या ओळी लयाभ्यास म्हणून गिरवीत आहेत. माझ्या मते कोणत्याही सांकेतिक व्यायामापेक्षा या ओळी अधिक शिकवतात, कारण त्यांत मात्रेचे विभाजन गाण्याच्या अर्थापासून वेगळे काढलेले नाही.

लॅरी ग्रॅहमची कैफियत निराळी आहे. सॅन फ्रान्सिस्कोकडच्या भागात तो आपल्या आईच्या साथीला वाजवीत असे. ड्रमवादक सोडून गेल्यावर त्याने ढोलाच्या जागी अंगठ्याने तार ठोकण्यास आणि वरच्या आघाताच्या जागी बोटाने ती उपसून सोडण्यास आरंभ केला. पुढे स्लाय अँड द फॅमिली स्टोन या वृंदातून ही रीत जगभर पसरली, आणि ती शिकणाऱ्या असंख्य मुलांना ती चमत्कृती वाटते. मुळात मात्र ती गरजेतून, गैरहजर तालवाद्याचे काम अंगावर घेण्यातून आली. 1970 साली अठरा वर्षांचा बूट्सी कॉलिन्स जेम्स ब्राउनच्या वृंदात दाखल झाला तेव्हा त्या कडक शिस्तीच्या नायकाने त्याला एकच गोष्ट पुनःपुन्हा बजावली: पहिली मात्रा ठाम दे, मग मधल्या जागेत तुला काय करावयाचे ते कर. आपल्याकडील समेची जाणीव ज्याला आहे त्याला हा उपदेश परका वाटणार नाही. याच्या उलट टोकाला क्यूबातील बेसवादन आहे. इस्राएल लोपेस, म्हणजे ज्याला सारे काचाओ म्हणून ओळखतात, त्याच्या परंपरेतील बेसवादक पहिली मात्रा बहुधा सोडूनच देतो आणि पुढील आवर्तनाचा स्वर आधीच्या चौथ्या मात्रेवर घेतो. आपल्या तालशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर तो सदैव अनागतावर राहतो. ज्याच्या अंतरात सम अढळ आहे त्यालाच ती न वाजवण्याचा अधिकार पोहोचतो, आणि म्हणून हा ढंग आजच्या अभ्यासक्रमात फार वरच्या इयत्तेत येतो.

ही सगळी मौखिक, सहवासातून मिळणारी विद्या एकट्याने खोलीत बसून शिकणाऱ्याला कशी द्यावी, या प्रश्नाचे उत्तर लॉस एंजेलिस येथील कॅरल के या वादिकेने दिले. त्या मूळच्या जाझ गिटारवादक. 1963 साली एका ध्वनिमुद्रणाला ठरलेला बेसवादक आला नाही म्हणून त्यांनी बेस हाती घेतली, आणि त्यानंतर अगणित चित्रपट व गाण्यांत तीच वाजवली. 1969 साली त्यांनी विद्युत् बेस शिकवणारे पुस्तक काढले, आणि त्या शिकवणीत मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावण्याचा आग्रह त्यांनी सातत्याने धरला. या आग्रहामागे पूर्वीच्या पिढ्यांचा सारा अनुभव आहे. जाझमध्ये दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ड्रमवादकाच्या पायाखालच्या झांजा मिटतात, लोकप्रिय गाण्यांत तेथेच स्नेअर ढोल वाजतो. तेव्हा ठोका त्या जागी नेला की ती निर्जीव पेटी पुढ्यात बसलेल्या ड्रमवादकाचे स्थान घेते, आणि पहिली मात्रा, जी बेसवादकाची स्वतःची मालमत्ता, ती त्याच्या स्वाधीन होते. विद्यार्थी प्रथम हा अभ्यास करू लागतो तेव्हा थोड्याच वेळात ठोका उलटून पहिल्या मात्रेवर आल्यासारखा वाटू लागतो आणि सगळा हिशेब कोसळतो. तो उलटू न देणे, हाच अभ्यास.

यंत्रांची प्रगती तोवर थांबलेली नव्हती. चित्रपटाच्या पट्टीशी संगीत जुळवण्यासाठी कानात ठोका ऐकवण्याची युक्ती 1930 च्या सुमारासच हॉलिवूडच्या व्यंगपटांत निघाली होती. 1980 साली रॉजर लिन याने खऱ्या ढोलांचे आवाज साठवून ठेवणारे तालयंत्र आणले, आणि त्यात वादकाने चुकीच्या क्षणी दिलेला आघात आपोआप जवळच्या नेमक्या जागेवर सरकवून घेण्याची सोय केली. त्याच सुमारास जपानच्या रोलंड कंपनीने टीबी-303 नावाची छोटी पेटी काढली, जिचे काम घरी एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ पुरवणे हे होते. तिचा आवाज खऱ्या बेससारखा मुळीच नव्हता. विक्री झाली नाही आणि 1984 मध्ये उत्पादन थांबले. मात्र तत्पूर्वीच, 1982 साली, मुंबईच्या चित्रपटवाद्यवृंदात काम करणारे चरणजित सिंग यांनी तीच पेटी, त्याच कंपनीचे टीआर-808 हे तालयंत्र आणि एक सिंथेसायझर घेऊन दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. पुढे शिकागोत त्याच पेटीच्या विचित्र आवाजातून नृत्यसंगीताचा एक संपूर्ण संप्रदाय निघाला, आणि मग मुंबईची ही ध्वनिमुद्रिका 2010 मध्ये पुन्हा प्रसिद्ध होऊन जाणकारांच्या आश्चर्याचा विषय झाली.

मुंबईच्या त्या वाद्यवृंदांत लयीची शिस्त आणणारा मोठा प्रवाह गोव्याहून आला, हे येथे सांगितले पाहिजे. पोर्तुगीज अमलात तेथील चर्चच्या शाळांतून मेस्त्रांच्या हाताखाली मुले सोल्फेजो शिकत: स्वरांची नावे उच्चारीत असताना हात खाली, आडवा आणि वर नेऊन मात्रा दाखवावयाच्या, आणि हे पक्के झाल्याशिवाय वाद्य हाती मिळावयाचे नाही. ज्यांचा हात असा लहानपणी वळला ते वादक जाझच्या वृंदांतून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला आले, आणि शंभर वाद्ये एका श्वासात, पुन्हापुन्हा, न चुकता वाजू शकली. त्याच गोव्याच्या मातीत लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर झाले, ज्यांची ख्याती हातांनी, पायांनी आणि मुखाने निरनिराळे ताल एकाच वेळी चालवून सर्वांना समेवर एकत्र आणण्याबद्दल होती. या दोन विद्या एकमेकींना भेटल्या असे नाही, पण दोहोंचा पाया एकच: मात्रा प्रथम देहात आणि वाणीत, मग वाद्यावर.

आपल्या तबलावादकाला मेट्रोनोमची गरज शतकानुशतके भासली नाही, कारण त्याच्याजवळ लेहरा होता. सारंगीवर किंवा संवादिनीवर एकच स्वरावली आवर्तनामागून आवर्तन फिरत राहते, आणि तबलावादक तिच्या आधाराने ठाय, दुगुण, चौगुण करीत, कायदे आणि रेले उलगडीत जातो. पाश्चात्त्य वृंदात तालवाद्य व बेस काळ धरून ठेवतात आणि सुरावट मोकळी हिंडते. आपल्या स्वतंत्र तबलावादनात सुरावट काळ धरते आणि तालवाद्य मोकळे सुटते. लेहऱ्याचे श्रेष्ठत्व यात आहे की तो आवर्तनातील प्रत्येक जागेला वेगळा चेहरा देतो; नववी मात्रा ऐकली की ती नववी आहे हे स्वरावरून कळते. मेट्रोनोमचे सर्व ठोके एकसारखे असतात, आणि त्यांतील पहिला कोणता हे ऐकणाऱ्यालाच ठरवावे लागते. बेस गिटारच्या विद्यार्थ्याने ठोक्याबरोबर आवर्तन तोंडाने म्हणावे, असे शिक्षक सांगतात ते यासाठी. आपल्याकडे पढंत हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला गेला त्यामागेही हीच दृष्टी असावी.

एका गोष्टीकडे मात्र या सर्व इतिहासात बराच काळ दुर्लक्ष झाले. मेट्रोनोम स्वर केव्हा सुरू करावा ते सांगतो, केव्हा संपवावा ते सांगत नाही. डबल बेसच्या आतड्याच्या तारांवर स्वर आपणच लवकर विझत असे, म्हणून प्रश्न उद्भवला नाही. फेंडरच्या आरंभीच्या वाद्यांत घोडीवरच्या धातूच्या झाकणाखाली मऊ पट्टी बसवलेली असे; ती तारांना टेकून स्वर आखूड करी, आणि जेमर्सननेही ती आपल्या वाद्यात राहू दिली. पुढे वादकांनी झाकणे काढून टाकली, साठोत्तरी काळात गोल वेष्टणाच्या नव्या चकचकीत तारा आल्या, आणि एकदा छेडलेला स्वर कित्येक सेकंद गुंजत राहू लागला. जे काम पट्टी करीत होती ते आता हातांना शिकावे लागले: डाव्या हाताचे बोट पडद्यावरून न उचलता नुसता दाब सैल करावयाचा, आणि उजव्या हाताने शेजारच्या तारा निःशब्द ठेवावयाच्या. चांगले शिक्षक यासाठी एक स्वतंत्र अभ्यास देतात, आणि तो करणाऱ्याचे वादन महिन्याभरात ओळखू येण्याइतके बदलते. मिनिटाला 60 च्या गतीने, प्रत्येक आवर्तनात एकच स्वर पहिल्या मात्रेवर घ्यावयाचा आणि तो दुसऱ्या मात्रेच्या ठोक्यावर, आधी नाही व नंतर नाही, तोडावयाचा; मग चार आवर्तने तिसऱ्या मात्रेवर, चार चौथ्यावर, नंतर मात्रांच्या मधल्या जागांवर; आणि हे सर्व ठरले की यंत्र बंद करून तीच आवर्तने पुन्हा वाजवावयाची.